माचाणावरची बैठक

धनज गावाला फुटबॉल आला तो जगदेवच्या पत्र्याच्या पेटीतून. मोठ्या लढाईत खेचरं हाकायला तो बसऱ्याला गेला होता. परत आला तेव्हा पंचफुलेला वाटलं, नवऱ्याने समुद्रापलीकडून काही लुगडं-बिगडं आणलं असेल. पेटी उघडली तर आत चामड्याचं चुरगळलेलं पोतेरं. जगदेवने गाल फुगवून त्यात हवा भरली, ते टुमटुमीत झालं, तशी पंचफुला कपाळाला हात लावून म्हणाली, "घ्या माय! लोकायचे मानसं लढाईवरून बिल्ले आनतेत, आमच्या मानसानं भोपया आनला."

त्या भोपळ्यापायी गाव वेडं व्हायला पुढं बरीच वर्षं लागली. आधी त्याच्या नादी लागला तो एकटा इंद्रभान, जगदेवचा धाकटा भाऊ. आईबापाविना ते पोर पंचफुलेनंच वाढवलेलं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा तिच्या कडेवर पहिल्यांदा बसला तो हा दीर. मळ्यातली मेथी तुडवल्याबद्दल तिनं त्याला जितके फटके दिले असतील तितकेच मुटके तुपात भिजवून खाऊही घातले. पोर वाढलं, अंगानं काटक आणि पायानं वारा झालं. त्याला पाहून आणखी दहाजण जमले. आणि शेजारच्या कारंज्याच्या संघानं गावच्या भगवंतराव देशमुखांच्या मुलाला, उत्तमरावाला, खेळायला घेतलं नाही, तेव्हा देशमुखांना एकाएकी आपल्या गावच्या फुटबॉलचा अभिमान वाटायला लागला. नदीकाठचं एक पडीक वावर त्यांनी मैदानाला दिलं. उत्तमराव कप्तान झाला. शिकवायचं काम जगदेवचं.

जगदेवला शिकवायची एकच रीत ठाऊक होती, मोटेची. मळ्यातल्या विहिरीवर त्याचे बैल चाबकानं चालत नसत, आवाजानं चालत. एक हाक दिली की उतारावरून पुढं, दुसरी दिली की पाठमोरे मागं. बैलांनी मान वळवून पाहायचं काम नाही, विहीर कुठं आली याचा विचार करायचं तर नाहीच. तशीच त्यानं पोरं तयार केली. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चुन्याच्या रेघेला पाय लावून तो उभा राही आणि सारा खेळ तोंडानं हाके. "सोमला, मांगं!" की सोमला मागं. "इंद्रा, काठानं जाय!" की इंद्रभान काठानं. पोरं चेंडूकडे पाहत आणि कान धुऱ्याकडे ठेवत. पाहणाऱ्याला वाटे, अकरा माणसांत एकच डोकं आहे आणि ते मैदानाबाहेर उभं आहे. जगदेवला याचा फार अभिमान होता.

देशमुखांना मात्र ते खटके. चावडीवर ते म्हणाले, "सेनापती कधी पायदळात उभा राह्यते काय, जगदेव? उंचावर बसून पाहावं. अशा बोंबा मारनं शोभते काय?"

"मालक, उंचावर बसून पाखरं हाकलता येतेत," जगदेव म्हणाला. "मानूस हाकलाचा असन त त्याच्या कानापाशी राहा लागते."

चावडी हसली. देशमुखही हसले. पण त्याच्या पुढच्याच सामन्यात, अख्ख्या गावासमोर, जगदेव धुऱ्यावरून ओरडला, "उत्तमराव, चेंडू पाहा नं बा, नवरी पाहाले आल्यावानी काहून उभे राह्यले!" तेव्हा गाव हसलं आणि देशमुख हसले नाहीत.

त्या सालच्या पावसाळ्यानंतर इंद्रभानला हिवतापानं धरलं. एक दिवसाआड हुडहुडी. कडू गोळ्या झाल्या, काढे झाले. ताप उतरला पण डाव्या बरगडीखाली पालथी वाटी ठेवल्यासारखी गाठ राहिली. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. गावच्या रीतीप्रमाणे एका म्हातारीनं तिच्यावर तापल्या सळईचा डाग दिला. इंद्रभान दातावर दात धरून बसला आणि पंचफुला मागच्या दारी जाऊन रडली. डाग बरा झाला. गाठ होती तिथंच.

जगदेवला त्या गाठीचं खरं भय ठाऊक होतं. बसऱ्याला त्याच्या तुकडीत असाच एक पानथरीवाला होता. खेचरानं पोटावर लाथ मारली. गडी हसत हसत उठला, खेचर बांधलं, बिडी ओढली, आणि दिवेलागणीच्या आत मेला. फौजेच्या डागदरानं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, पानथरी वाढलेल्या माणसाच्या पोटावर चापटसुद्धा मारायची नाही. आतल्या आत फुटते, बाहेर थेंब दिसत नाही. हे जगदेवनं घरी पंचफुलेला सांगितलं होतं. त्या दिवसापासून ती दिराला भरला हंडाही उचलू देईना.

आणि मग कारंज्याच्या संघाचं आव्हान आलं. देशमुख स्वतः मळ्यात आले. मोट चालू होती. जगदेवनं बैल थांबवले.

"इंद्रभान पाहिजे," देशमुख म्हणाले. "त्याच्याबिगर त्याहीच्यावर गोल कोन करते?"

"मालक, त्याची पानथरी वाढेल हाये. पोटाले लागलं त पोरगं जाईन."

"लागू कायले देतं? तू हायेस नं धुऱ्यावर. काठाकाठानं खेळव. मधात घुसू नोको देऊ म्हनजे झालं." आणि जाता जाता म्हणाले, "तहसीलदारसाहेब येऊन राह्यले. गावाचं नाक हाये, जगदेव."

वांग्यांच्या वाफ्यातून इंद्रभान सगळं ऐकत होता. आठ दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. खेळणार म्हणजे खेळणार. शेवटी पंचफुला नवऱ्याला म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं नं त्या खेचरावाल्याचं? आन आता तुमीच धाडता याले?"

"आवं, मी तठीच उभा राहीन नं. त्याले काठ सोडू देनार नाही. माया आवाजाबाहेर थो कधी गेला काय? बाजू बदलली की मीबी धुरा बदलीन. मले सोडून त्याच्यापाशी कोनी पोचनार नाही."

"शपथ?"

"तुयी शपथ," जगदेव म्हणाला.

सामन्याच्या दिवशी वावरात माचाण उभं होतं. शेताच्या राखणीला घालतात तसंच, बाभळीच्या चार खांबांवर, पण रुंद. वर तुराट्यांचं छप्पर, गादी, लोड. देशमुखांच्या माणसांना उंच बसायची दुसरी तऱ्हाच माहीत नव्हती. एकजण तर सवयीनं वर गोफणही ठेवून आला होता, ती साहेब यायच्या आत लगबगीनं काढली. साहेब आले, हार झाले. जगदेव धुऱ्यावर आपल्या जागी उभा राहून इंद्रभानला पुन्हा पुन्हा सांगत होता, "मधात जाचं नाही. कारंज्याचा थो हेमसिंग पाह्यला? म्हशीवानी येते अंगावर. त्याच्याकडं पाह्यचंबी नाही."

"तू सांगशीन तसं, भाऊ. तू हायेस नं."

तेवढ्यात माचाणावरून भगवंतरावांचा आवाज आला. "ज्याहीनं गावाले हा खेळ शिकवला, त्या जगदेवरावले आज आपन आपल्या बाजूले बसवू!"

जगदेवराव. जन्मात पहिल्यांदा त्याच्या नावाला राव लागला. दोघांनी येऊन त्याला हाताला धरून नेलं. पायऱ्या पाचच होत्या. वर त्याच्या डोक्याला केशरी फेटा बांधला, हातात नारळ दिला, आणि मळ्यातल्या चिखलाचे ते भेगाळ पाय देशमुखांच्या गादीवर टेकले. जगदेव एकदाच म्हणाला, "मालक, मी खाली असतो त बरं झालं असतं..."

"आज खाली नाही," भगवंतराव हसून म्हणाले. "सायबासमोर बोंबा बऱ्या नाही दिसत. आज तुमी पाहा."

आता खरं सांगायचं तर जगदेव उठू शकला असता. पण देशमुखांच्या बैठकीची रीत सगळ्या मुलखाला माहीत. फेटा बांधून ज्याला बसवलं त्यानं यजमान उठेपर्यंत उठायचं नाही. मधे उठला तर त्यानं फेटा पायाखाली घातला. एका लग्नात एका व्याह्याचं पोट बिघडलं होतं. तो बिचारा तरी बसूनच राहिला. पुढं काय झालं ते सांगण्याजोगं नाही, पण उठला नाही म्हणून त्याचं नाव अजून मानानं निघतं, जरा हसून का होईना. आणि रीत राहू द्या बाजूला. जगदेवला तिथं बरं वाटत होतं. सारं गाव मान वर करून त्याच्याकडे पाहत होतं. खालून इंद्रभाननं दोन्ही हात उंचावले आणि ओरडला, "भाऊ! आता तुया फोटू काहाडा लागते!" जगदेवनं ओठ दाबून हसू आवरलं आणि लोडाला टेकला.

शिट्टी झाली.

आणि जगदेव चकित झाला. देशमुख म्हणत होते ते खरं होतं. धुऱ्यावरून इतकी वर्षं त्याला दिसली ती पायांची गर्दी, धूळ आणि जवळच्याचा घाम. इथून सारं वावर परातीत वाढल्यासारखं समोर. कोण कुठं मोकळा, कोण थकला, चेंडू आता कुठं जाणार, चेंडूच्या आधी दिसत होतं. तो जरा पुढं सरकून पाहायला लागला. सोमलानं मागं यायला हवं होतं, आला नाही. उत्तमरावानं चेंडू सोडायला हवा होता, सोडला नाही. पोरं चेंडू आला की क्षणभर थबकत आणि धुऱ्याकडे पाहत. धुऱ्यावर कोणी नव्हतं. मोटेवरचा माणूस उठून गेल्यावर बैल उतारावर उभे राहतात ना, तसं चाललं होतं.

कारंज्यानं एक गोल केला. साहेबांनी पान घेतलं.

इंद्रभान काठावर होता. बराच वेळ होता. मग त्याच्याकडे चेंडू येईनासा झाला तसा तो काठ सोडून एक एक पाऊल आत सरकायला लागला. दर वेळी सरकण्याआधी रिकाम्या धुऱ्याकडे पाही. अडवणारं कोणी नाही असं पाहून आणखी सरके.

जगदेवच्या हातातला नारळ ओला झाला. डावीकडून उत्तमराव चेंडू घेऊन येत होता. तो मधेच उंच उडवणार हे त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. पलीकडून हेमसिंग निघाला होता. आणि इंद्रभान मान वर करून, त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पळत सुटला होता. ती तिघं कुठं भेटणार ती जागा जगदेवला वावरात आखून दिल्यासारखी दिसली.

"इंद्रा!" तो ओरडला. "इंद्रा, काठानं!"

लोकांच्या गलक्यात तो आवाज माचाणाच्या खांबांपर्यंतही उतरला नसेल. पण बैठकीत तो फार मोठा वाटला. साहेबांनी वळून पाहिलं. भगवंतरावांनी जगदेवच्या गुडघ्यावर हात ठेवला, हलकेच, लग्नातल्या पाहुण्याला आग्रह करतात तसा. "जगदेवराव. बसा."

तो अर्धा उठला होता. तो बसला.

चेंडू, हेमसिंग आणि इंद्रभान एकाच वेळी पोचले. हेमसिंगनं काही वाईट मनात आणलं नव्हतं. चेंडूसाठी उडी घेतली, त्याचा गुडघा वर आला आणि इंद्रभानच्या डाव्या कुशीत बसला. दोघं पडले. धूळ उडाली.

मग इंद्रभान उठला. कपडे झटकले. हेमसिंगनं हात दिला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून हसला. जगदेवनं सोडलेला श्वास शेजारच्या साहेबांनाही ऐकू गेला असेल.

"कोण आहे तो?" साहेबांनी विचारलं.

"माया भाऊ हाये," जगदेव म्हणाला, आणि त्याला नको असताना त्याची छाती फुगली.

आणि थोड्याच वेळात त्या भावानं गोल केला. मैदानाच्या मधून, चार जणांना चकवून, जसा काठाला जन्मभर बांधलेला गोऱ्हा दावं तोडून पळावा तसा. गाव नाचलं. टोप्या उडाल्या. भगवंतराव लोडावर मूठ आपटून म्हणाले, "पाह्यलं? तुमी खाली असते त त्याले काठावरच बांधून ठेवलं असतं!" जगदेव हसला. हसता हसता त्याला दिसलं, सगळे नाचत होते आणि इंद्रभान वाकून उभा होता, डावा हात बरगडीखाली. मग तो सावकाश चालत धुऱ्याकडे गेला, रेघेबाहेर, आणि तिथं मातीत बसला.

बरं झालं, जगदेवनं मनाशी म्हटलं. बाहेर आला. दमला असेल. बसला म्हणजे आता कोणी धडकणार नाही. असं म्हणता म्हणता बसऱ्याचा तो बिडी ओढणारा गडी त्याच्या डोळ्यासमोर येऊन बसला. जगदेवनं त्याला बाजूला सारलं. भगवंतरावांकडे पाहिलं. ते साहेबांना कापसाबद्दल सांगत होते. मधे कसं बोलायचं? थोडंच राहिलं आहे, शिट्टी झाली की उठायचंच आहे.

शेवटी उत्तमरावाच्या अंगावर आपटून चेंडू आत गेला आणि धनज जिंकलं. शिट्टी झाली. पण बैठक उठली नाही. साहेब चार शब्द बोलले. भगवंतराव पुष्कळ बोलले. कप उत्तमरावाला दिला. अत्तर लावलं. जगदेवच्या मनगटालाही लागलं. खाली माचाणापाशी कारंज्याचा हेमसिंग येऊन उभा राहिला होता, घामानं थबथबलेला, आणि वर पाहत होता. देशमुखांच्या माणसानं त्याला दोनदा बाजूला सारलं. तिसऱ्यांदा तो ओरडलाच, "ओ फेटेवाले! तुमचा भाऊ पांढरा पडून राह्यला. या नं खाली!"

तेव्हा भगवंतराव म्हणाले, "हं, जा. जाऊन पाहा."

परवानगी मिळाली आणि जगदेव पायऱ्या न मोजता खाली उतरला.

धुऱ्यावर इंद्रभान सोमलाच्या मांडीवर होता. ओठ राखेसारखे. पोट फुगून घट्ट झालेलं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. जगदेवला पाहून तो हसायला लागला, ते त्याच्यानं पुरं झालं नाही.

"गोल पाह्यला काय, भाऊ?"

"पाह्यला रे, पाह्यला." जगदेव सोमलावर ओरडला, "मले बलावलं काहून नाही? इतका वेळ तोंड शिवलं होतं काय तुयं?"

सोमलाला रडू आलं. "मी निघालो होतो, जगदेवभाऊ. यानंच माया हात धरला. म्हने, त्याले उठवू नोको. देशमुखाच्या बाजूले बसला हाये आपला भाऊ. म्हने, जलमात एकडाव बसला, बसू दे त्याले."

कारंज्याच्या दवाखान्याला नेण्यासाठी देशमुखांनी आपली दमणी दिली, चांगली पळणारी जोडी दिली, खाली अंथरायला माचाणावरची गादीही दिली. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. सोमलानं बैल पिटाळले. इंद्रभानला तहान लागली होती. पाणी मागत होता. मग थंडी वाजते म्हणाला. जगदेवनं फेटा सोडून त्याच्या अंगावर पसरला आणि त्याच्या कानापाशी तोंड नेऊन सारखा बोलत राहिला, "इंद्रा, इकडं पाह्य, मायाकडं पाह्य, झोपू नोको." इतकं जवळून बोलूनही त्याला काही ऐकू जात होतं का, ते कळेना. पहिला नाला ओलांडायच्या आत दमणी थांबली. जगदेवनं फेटा इंद्रभानच्या तोंडावर ओढला. सोमलानं जोडी वळवली.

गावात बातमी आधीच पोचली होती, पण जिंकल्याची. पुढं पळत आलेल्या पोरांनी गल्लोगल्ली सांगितलं होतं, इंद्रभाननं गोल केला आणि जगदेवला देशमुखांनी गादीवर बसवलं. पंचफुलेनं अंगण सारवलं, दोन पाट मांडले, शेजारच्या बाया गोळा केल्या. दिवेलागणीला दमणी गल्लीत शिरली तेव्हा ती उंबऱ्यात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, कपाळाला ताजं कुंकू.

"या! जगदेवराव!" एक बाई चिडवत म्हणाली. "पंचफुले, आता तुलेबी नवऱ्याले राव म्हना लागते व माय!"

जगदेव दमणीतून उतरला. उघड्या डोक्यानं तिच्यासमोर उभा राहिला. त्याला बोलायचं होतं.

पंचफुलेनं ताट त्याच्यापुढून बाजूला केलं.

"तुमी थांबा जरा," ती म्हणाली. "आधी त्याले उतरू द्या. गोल त्यानं केला. तुमी काय, तुमी त बसूनच होते."

बाया खळखळून हसल्या. सोमलानं बैलांच्या मानेआड तोंड लपवलं. पंचफुला वाऱ्यानं दिवा जाऊ नये म्हणून ताटावर पदर धरून दमणीच्या मागच्या अंगाला गेली.